निळी फीत, पिवळी फीत

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. आता पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुर करत होते, केसांत काळं शोधावं लागत होतं, तरी ती धाकटीच. सगळे म्हणजे तरी कोण, तर एकटा दादा. आई-बाबा गेले, वहिनी गेली, आणि धाकटीने लग्नाच्या फंदात न पडता सगळं आयुष्य कुत्र्यांना देऊन टाकलं. गावाबाहेर तारेचं कुंपण घातलेल्या तिच्या जागेत जर्मन शेफर्डची पैदास चाले. तिथे मात्र ती ताई होती, आणि ताईंचा दरारा असा, की पिल्लू मागायला आलेली माणसं फाटकाबाहेर गाडी लावून आधी आरशात केस नीट करत.

करणारच. मागितलं आणि दिलं असा तिथे प्रकार नव्हता. व्हरांड्यातल्या बाकावर पाहुण्यांना बसवून ताई उलटतपासणी सुरू करी. घर केवढं? कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे? सकाळी फिरवणार कोण? मुलं फिरवतील म्हणता, पण ती उठतात कधी? घरात म्हातारं कुणी आहे? तुमचे स्वतःचे पाय कसे आहेत? एक जाडजूड वकील या प्रश्नांनी इतका वैतागला की म्हणाला, "बाई, माझ्या सासऱ्यांनी मुलगी देतानासुद्धा एवढं विचारलं नव्हतं."

"विचारायला हवं होतं," ताई म्हणाली. वकील रिकाम्या हाताने परत गेला.

आणि "आम्हाला जर्मन शेफर्ड हवाय" असं कुणी म्हटलं की तिचा ठरलेला प्रश्न असे, "कुठल्या घराण्यातला?" समोरचा गडबडून जाई. मग ती समजावून सांगे, आणि हे सांगताना एरवीचा तिचा तिरसट चेहरा उजळून निघे. जात एक असली म्हणून आतली सगळी कुत्री सारखी नसतात. एक घराणं शोचं. पाठ मागे उतरती, काळे-तांबूस भरघोस केस, आणि चाल अशी की रिंगणात नुसतं धावलं तरी लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. दुसरं कामाचं. रंगाने बहुतेक गडद राखाडी, अंगाने सुटसुटीत, पाठ सरळ. हे दिसायला साधं, पण याच्या डोक्याला सतत काहीतरी लागतं. वास काढायला द्या, माग काढायला द्या, पळायला द्या, नाहीतर ते स्वतःच स्वतःला काम शोधतं, आणि ते काम तुम्हाला आवडेलच असं नाही. शिवाय ही घराणी एकमेकांत मिसळली की कधी कुणाचं रक्त वर येईल ते सांगता येत नाही. एकाच वेताची, एकाच आईची दोन पिल्लं स्वभावाने दोन टोकांची निघतात. "म्हणून रंग बघून पिल्लू घेऊ नका," ती म्हणे. "मी देईन ते घ्या."

यात खोटं काहीच नव्हतं. पिल्लू कुठे शोभेल हे तिला कळे, आणि तिने दिलेलं पिल्लू परत आल्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

हा सगळा पसारा मूळचा बाबांचा. बाबा कुत्र्यांच्या शोमध्ये परीक्षक होते. स्वतः मात्र त्यांनी शोची कुत्री कधी पाळली नाहीत, कामाचीही नाहीत. त्यांचं आपलं तिसरंच होतं. मोठ्या हाडापेराची, रुंद कपाळाची, जड पावलांची, शांत कुत्री. घरात कुणी आलं की उठून बघायची आणि ओळखीचं आहे म्हटल्यावर परत आडवी व्हायची. बाबा वर्तमानपत्र वाचत बसले की एक पायाशी, एक दाराशी. दादा लहानपणी त्यातल्याच एका कुत्रीच्या पोटाला टेकून अभ्यास करी, आणि बऱ्याचदा तसाच झोपून जाई.

बाबा गेल्यावर धाकटीने एकदा एका मैदानावर कामाच्या घराण्यातला कुत्रा माग काढताना पाहिला. नांगरलेल्या जमिनीवरून, नाक मातीला लावून, एका माणसाचा माग. झालं, तिथेच ती पाघळली. त्याच घराण्यातला एक नर आणि दोन माद्या तिने आणल्या, आणि बाबांची कुत्री एकेक करून चांगल्या घरी देऊन टाकली. शेवटची तेवढी एक मादी, थोरली, ठेवली, तीही दादाने गळ घातली म्हणून. त्या थोरलीचा नव्या नराशी एकदा मेळ घातला, आणि बाबांचं रक्त तेवढं तिच्या पैदाशीत कुठेतरी उरलं. थोरली म्हातारी होऊन गेली त्या दिवशी दादा आला होता. खड्ड्यावर माती लोटताना तो एवढंच म्हणाला, "बाबांचं घराणं बुडवलंस, धाकटे."

एवढंच. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही. दादा तसा मनात ठेवणारा माणूसच नव्हे. तो बोलून मोकळा झाला आणि विसरूनही गेला असेल. धाकटीने मात्र ते वाक्य जपून ठेवलं. पुढे तिची कुत्री नावारूपाला आली, लोक तिच्या पिल्लांसाठी वाट बघत थांबायला लागले, तेव्हा दर वेळी तिच्या मनात यायचं, बघ म्हणावं, बुडवलं का काय केलं ते.

दादा शहरात कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येत, आणि दादा आपल्या टेबलाशी बसून मेणात एकेक दात असा बसवी की म्हाताऱ्यांची तोंडं पुन्हा त्यांच्या जुन्या फोटोंतल्यासारखी दिसू लागत. निवृत्त झाल्यावरही मोडक्या कवळ्या घरी येत राहिल्या. वहिनी गेल्यावर तर तेवढाच त्याला विरंगुळा उरला. मग एक दिवस त्याचा फोन आला.

"धाकटे, मला एक पिल्लू देशील का गं?"

ती हरखली. इतक्या वर्षांत दादाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "देशील का काय विचारतोस? कधी येतोस?"

"घर खायला उठतं गं," दादा म्हणाला. "फार काही नको मला. बाबांच्या वेळची होती ना, तसलं बघ. पायाशी बसणारं."

हे बाबांच्या कुत्र्यांचं वाक्य आलं नसतं तर बरं झालं असतं. दादा बिचारा आपल्याला काय झेपेल ते सांगत होता. धाकटीला ऐकू आलं ते असं, की तुझ्या कुत्र्यांपेक्षा बाबांची बरी होती. तिची कानशिलं तापली. "बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या वेळी व्यालेल्या कुत्रीच्या लाकडी पेटीत पिल्लं होतीच. ओळखायला सोपी जावीत म्हणून धाकटी जन्मल्या जन्मल्या प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची फीत बांधी, आणि घरी जाईपर्यंत फितीचा रंग हेच त्यांचं नाव. त्या वेळचा निळा म्हणजे तिच्या साऱ्या कष्टांचं फळ होता. डोळे पहिले त्याने उघडले, पेटीची कड पहिली त्याने ओलांडली. तिने मुद्दाम किल्ल्यांचा जुडगा फरशीवर आपटला की बाकीची पिल्लं दचकून मागे सरत आणि निळा जुडग्यावर धाव घेई. फडक्याचं टोक एकदा दातांत धरलं की त्याला फडक्यासकट उचलावं लागे.

आणि पिवळा. किल्ल्या पडल्या की पिवळा मान वर करी, आवाज कुठून आला ते बघे, आणि काही खास नाही म्हटल्यावर चालत येऊन धाकटीच्या पायावर हनुवटी ठेवून झोपून जाई. रुंद कपाळ, जड पावलं, मोठी हाडं. थोरलीचं रक्त इतक्या पिढ्यांनी सरळ वर आलं होतं. धाकटीला ते पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तिला चक्क लाज वाटली. नव्या घराण्यावर तिने एवढे कष्ट घेतले आणि पेटीत हे बाबांचं ध्यान बसलंय, असं तिला झालं.

दादा यायच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर पिल्लू मागायला आला. घरी म्हातारे वडील, दोन मुली, तळमजला, मागे छोटं अंगण. ताईच्या प्रश्नांना त्याने सरळ, खरी उत्तरं दिली. माणूस चांगला होता. तिने पिवळा उचलून त्याच्या हातात ठेवला. त्या घराला पिवळाच योग्य होता, यात शंका नाही. पण तिची घाई त्या घरासाठी नव्हती. दादा आला, पेटीत वाकला, तर तो पहिल्या नजरेत पिवळ्याला उचलणार हे तिला माहीत होतं. ते तिला नको होतं.

दादा आला तो वहिनीची जुनी वेताची टोपली घेऊन. आत घडी घालून शाल ठेवलेली. धाकटीने निळा त्याच्या मांडीवर ठेवला. निळ्याने लगेच शालीचं टोक पकडलं.

"हा सगळ्यांत उत्तम आहे, दादा. असल्या पिल्लासाठी लोक वर्ष वर्ष थांबतात."

"एवढा चांगला मला कशाला गं?" दादा म्हणाला. तो खरोखरच संकोचला होता.

"तू माझा भाऊ आहेस म्हणून."

दादाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं तो बहिणीच्या कर्तृत्वाकडे लांबूनच बघत आला होता, आणि आज तिने आपलं सगळ्यांत मोलाचं त्याच्या टोपलीत घातलं होतं. त्याला ती माया वाटली. माया नव्हती असंही नाही. पण त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर दादा बसला होता आणि धाकटीने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. तिसरा मजला, जिन्याचं घर, साठी उलटलेला माणूस, मधुमेह, दुखरे गुडघे, हे सगळं तिला विचारायची गरजही नव्हती. तिला ते पाठ होतं.

दादाने पिल्लाचं नाव फौजदार ठेवलं, कारण आल्या आल्या त्याने घराची झडती घेतली. फोनवर दादा मजेत सांगे. फौजदाराने आज चप्पल जप्त केली. फौजदाराने आज एका गिऱ्हाइकाची वरची कवळी खाल्ली, खालची तेवढी शिल्लक आहे. धाकटी पोट धरून हसली आणि तो किस्सा तिने पुढचे कितीतरी दिवस आल्या-गेल्याला ऐकवला. "बाकी सगळं ठीक ना?" असं ती विचारी. "मजेत," दादा म्हणे. "फार हुशार आहे गं. मीच कमी पडतो." हे शेवटचं ती थट्टेवारी नेई.

वर्ष होत आलं असेल. एका कुत्रीच्या खुब्याचा एक्स-रे काढायला धाकटी शहरात आली. जनावरांच्या दवाखान्यात कुत्रीला भूल द्यायची होती, मध्ये वेळ होता. दादाला न कळवताच जाऊ, म्हणून ती त्याच्या इमारतीचा जिना चढली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून उभ्याच होत्या.

"तुम्ही वरच्या काकांच्या कोण?"

"बहीण."

"बरं झालं बाई आलात. ते पडले त्या दिवशी आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं. कुत्र्याने जिन्यावरून ओढलं हो. आम्ही म्हटलं, बहिणीला कळवा. तर म्हणाले, नको, तिला वाईट वाटेल."

 उरलेला जिना धाकटी कशी चढली ते तिचं तिलाच कळलं नाही.

दार उघडलं तेव्हा दादाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तिला बघून तो हसला आणि मग हात पाठीमागे न्यायला लागला, पण प्लास्टर कसं लपणार? आत खोली ओकीबोकी झालेली. सोफा गेला होता. सतरंजी गेली होती. पडदे वर गाठ मारून बांधलेले. दाराच्या चौकटीची खालची कड कुरतडून कुरतडून पांढरी पडलेली. कवळ्यांचं टेबल भिंतीकडे तोंड करून उभं, त्याभोवती फळ्यांचं कुंपण. आणि खोलीच्या मधोमध फौजदार गोल फिरत होता. धाकटीला त्याने धावत येऊन हुंगलं, ओळखलं की नाही कोण जाणे, आणि परत जाऊन तो फिरायला लागला. दादाने चष्मा काढून पुसला, काचेचा कवडसा भिंतीवर हलला, आणि फौजदाराने त्या कवडशावर झडप घातली. भिंत त्या उंचीवर ओरखड्यांनी भरली होती.

हे असं तिने लोकांच्या घरी पूर्वी पाहिलं होतं. कामाचा कुत्रा चुकीच्या घरात कोंडला की त्याचं हेच होतं. असल्या प्रत्येक घरात तिने कंबरेवर हात ठेवून विचारलं होतं, "कुठल्या मूर्खाने दिला तुम्हाला हा?"

"बस ना," दादा म्हणाला. मग बसायला एकच खुर्ची आहे हे लक्षात येऊन तो उभाच राहिला. "तो वाईट नाही गं. अजिबात वाईट नाही. माझंच काहीतरी चुकतंय. मी पहाटे उठतो, दोनदा फिरवतो, पुस्तकात लिहिलंय तसं शिट्टी वाजवून शिकवतो. सुरुवातीला ऐकायचा. आता मला दम लागतो आणि त्याला कळतं की मला दम लागलाय." मग तो म्हणाला, "तुझा सगळ्यांत चांगला कुत्रा मी बिघडवला, धाकटे. म्हणून सांगितलं नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. आयुष्यात काही क्षण असे येतात की माणसाला फक्त एक खरं वाक्य बोलायचं असतं, आणि जिभेवर दुसरंच काहीतरी येतं. "चल, खाली जाऊ," ती म्हणाली.

इमारतीच्या मागे मोकळं मैदान होतं. तिने दादाचा मफलर फौजदाराला हुंगू दिला, त्याला खांबाला बांधलं आणि मफलर लांब झुडपांमागे नेऊन दडवला. मग परत येऊन त्याला सोडलं. कुत्र्याचा सगळा नूर बदलला. नाक खाली, शेपूट स्थिर, मैदान कापत तो गेला, एकदा चुकला, वळला, वारा पकडला, आणि मफलर तोंडात धरून तिच्यासमोर येऊन बसला. तिने पुन्हा लपवला. पुन्हा आणला. असं बराच वेळ चाललं. शेवटी फौजदार गवतात आडवा झाला, दीर्घ श्वास सोडला आणि डोळे मिटून घेतले. दादा कठड्यावर बसून बघत होता.

"एका तासात शहाणा केलास," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुकच होतं. "म्हणजे खोट माझ्यातच होती."

"त्याला काम लागतं, दादा. तुला नाही झेपायचं."

"हो. नाही झेपलं."

तिने शब्दांत खोटं काही सांगितलं नाही. तरी दादाने ते ओझं उचललं, आणि तिने उचलू दिलं. पुढे कितीदा तरी तिने तो क्षण मनात परत परत उलगडून पाहिला, आणि दर वेळी तिला स्वतःची शिसारी आली.

फौजदाराला ती त्याच दिवशी घेऊन गेली. दादाने डाव्या हाताने त्याचं ताट, चेंडू, जुनं फडकं एका पिशवीत भरलं. त्याच्या कानामागे खाजवत तो म्हणाला, "सॉरी हं, फौजदार." आणि फौजदाराने गाडीत टुणकन उडी मारली तेव्हा दादा म्हणाला, "बघ, खूश आहे." त्याला खरंच बरं वाटलं असावं.

फौजदाराचं पुढे सोनं झालं. माणसं शोधणाऱ्या एका पथकात तो गेला. पथकाचा प्रमुख फोन करकरून सांगे, ताई, असा कुत्रा आम्ही पाहिला नाही. पूर्वी असल्या फोनवर धाकटी आठवडाभर हवेत चालली असती. आता प्रत्येक फोन तिला टोचत होता. कारण दादाही रविवारी फोनवर विचारी, "फौजदार कसा आहे?" आणि ती "छान आहे" म्हणाली की म्हणे, "बरं झालं बाई. माझ्या हातून सुटला."

हे वाक्य ती किती वेळा गिळणार?

एक दिवस ती शाळेच्या बसच्या ड्रायव्हरच्या घरी गेली. पुढच्या पैदाशीच्या आधी दिलेली कुत्री बघून येते, असं तिने स्वतःला सांगितलं. दार ड्रायव्हरच्या धाकट्या मुलीने उघडलं. आत आरामखुर्चीत म्हातारे वडील वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि त्यांच्या पायाशी, एक पंजा त्यांच्या पायावर टाकून, पिवळा. इथे त्याला ढब्बू म्हणत. तिला बघून तो उठला, जवळ आला, हुंगलं, आणि परत जाऊन म्हाताऱ्यांच्या पायाशी धपकन बसला. म्हातारे वर्तमानपत्रातून मान वर न काढताच एक हात खाली सोडून त्याचं डोकं चोळत राहिले.

"ताई, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे," ड्रायव्हर म्हणाला. "आई गेल्यावर बाबा बोलायचेच बंद झाले होते. आता ढब्बूशी तरी दिवसभर काहीबाही बोलतात."

धाकटीला चहा घेववेना. दारातून बाहेर पडल्यावर ती गाडीत नुसती बसून राहिली, आणि मग घराकडे न वळता तिने गाडी शहराच्या रस्त्याला लावली.

दादाचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वेडंवाकडं जुळलं होतं आणि अंगठा तर्जनीपर्यंत पोचत नव्हता. कवळ्यांचं टेबल झाकून ठेवलं होतं. मोडक्या कवळ्या आता दुसरीकडे जात. भिंतींना नवा रंग दिला होता. दादाने तिला खुर्ची दिली, चहाचं आधण ठेवलं, आणि ती बसायच्या आधीच बोलायला लागली. काही म्हणता काही मागे ठेवलं नाही. पिवळा होता. बाबांच्या कुत्र्यांसारखा हुबेहूब होता. तू येणार म्हणून आदल्या आठवड्यात मी तो मुद्दाम देऊन टाकला. तू थोरलीच्या खड्ड्यावर बोललास ना, ते मनात धरून बसले होते. तुला माझाच कुत्रा आवडला पाहिजे होता.

दादाने गॅस बारीक केला. "मी काय बोललो होतो?"

तिने सांगितलं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

"कसा होता दिसायला?" त्याने विचारलं.

"रुंद कपाळ. जड पावलं. कान जरा उशिरा उभे राहिले. पायावर हनुवटी ठेवून झोपायचा."

दादा डोळे मिटून ऐकत होता.  मग म्हणाला, "म्हणजे फौजदार माझ्यामुळे बिघडला नव्हता."

"नाही रे. तुझ्या जागी कुणीही असतं तरी तेच झालं असतं. तो या घरासाठी नव्हताच."

"मी रोज त्याची माफी मागायचो. झोपताना."

 अडचण आली की धाकटी जे करायची तेच तिने केलं, योजना मांडली. तो पिवळा अजून तरुण आहे. ड्रायव्हर भला माणूस आहे, नाही म्हणणार नाही. माझ्याकडे थोरलीच्या वंशातली एक शांत मादी आहे, तिच्याशी मेळ घालते. पुढच्या वर्षी या वेळेला बाबांचं घराणं पुन्हा उभं राहील, दादा. पहिलं पिल्लू तुझं. मी स्वतः निवडते, मी स्वतः शिकवून आणून देते. ती भराभर बोलत गेली, आणि बोलता बोलता तिला खरंच वाटायला लागलं की हे सगळं अजून सावरता येईल.

दादाने उजवा हात तिच्यासमोर धरला. बोटं मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावरच अडली.

"यात पट्टा राहत नाही, धाकटे. आणि पिल्लू आणलं तर ते बारा-तेरा वर्षं जगणार. मी कुठे एवढा पुरतोय? मग ते माझ्यामागे कुणाच्या दारात जाणार?" तो रागावला नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होता. "तुझी वहिनी गेली तेव्हा माझ्यात एका कुत्र्यापुरतं बळ उरलं होतं गं. एकाच. तो होऊन गेला."

चहा उतू जायला आला होता. दादाने डाव्या हाताने भांडं उतरवलं.

"चुकलं रे माझं, दादा," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. लहानपणी बाबांची फुलदाणी फुटली तेव्हा, शाळेत नापास झाली तेव्हा, प्रत्येक वेळी ती हेच म्हणाली होती आणि प्रत्येक वेळी दादा म्हणाला होता, जाऊ दे गं, त्यात काय एवढं.

दादाने तिच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "चुकलं."